करुणामयीला उतरायचंय

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये करुणा दर दोन-तीन मिनिटांनी येते, पण फार वेळ थांबत नाही. "कोरुनामोयी, कोरुनामोयी, कोरुनामोयी!" असं एका दमात ओरडत कंडक्टर बसच्या पत्र्यावर थापा मारतो, चार माणसं उतरतात, सहा चढतात आणि करुणा धूर सोडत पुढे निघून जाते. करुणामयी हा इथला मोठा थांबा. फेब्रुवारी २०२० पासून त्याच नावाचं मेट्रो स्टेशनही झालं आहे. तिथली करुणा वातानुकूलित आहे आणि तिची दारं आपोआप मिटतात.

माझ्या नातवाची बालशाळा या थांब्यापासून माझ्या पावलांनी सात मिनिटांवर आणि त्याच्या पावलांनी पंचवीस मिनिटांवर आहे. वाटेत तीन कुत्री, एक शहाळेवाला आणि एक कायमची बंद पडलेली रिक्षा लागते, आणि सगळ्यांची विचारपूस करावी लागते. वय साडेचार. बंगाली रिवाजाप्रमाणे त्याला एक डाकनाम आहे, म्हणजे घरात हाक मारायचं नाव. ते इतकं लाडिक आहे की मी इथे छापलं, तर पुढे त्याचं लग्न जमताना दोष माझ्यावर येईल. तेव्हा नुसतं नातू म्हणू.

मी नागपूरचा, महाल भागातला. महालेखाकारांच्या कार्यालयात चौतीस वर्षं काढली. दुसऱ्याच्या खर्चाकडे संशयाने पाहणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं आणि निवृत्तीनंतर तो छंद झाला. मुलीने बंगाली जावई आणला, म्हणून आम्ही दोघं दर हिवाळ्यात इथे येतो. या वर्षी बायकोचे गुडघे नाही म्हणाले, म्हणून मी एकटाच आलो.

सॉल्ट लेकमध्ये पाहुणा हरवतोच. खाऱ्या दलदलीत हुगळीचा गाळ नळांतून आणून भरला आणि त्यावर हे गाव वसवलं. काम सुरू झालं १९६२ मध्ये, डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना. आखणी केली दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह वास्तुरचनाकाराने. ब्लॉकना नावं नाहीत, अक्षरं आहेत: एई, बीडी, सीके. पत्ता विचारला की लोक पाण्याच्या टाकीचा नंबर सांगतात, नाहीतर 'आयलंड' सांगतात. आयलंड म्हणजे चौकातलं गोल. पहिल्या वर्षी मी एकाच गोलाभोवती तीनदा फिरलो आणि तिन्ही वेळा ते नवीन वाटलं. नातवाला मात्र टाकी लागत नाही की अक्षर. तो कुत्र्यांवरून घर ओळखतो. लंगड्या कुत्र्याकडे वळायचं, काळं झोपलेलं दिसलं की सरळ.

तर या शाळेत गेल्या डिसेंबरात करुणा शिकवायला घेतली. दप्तरातून सूचना आली: या आठवड्यात 'काइंडनेस वीक'. वर्गाच्या भिंतीवर पुठ्ठ्याचं एक निष्पर्ण झाड लावलेलं. मुलाने चांगुलपणाचं काम केलं की त्याच्या नावाचं एक हिरवं कागदी पान झाडाला चिकटवायचं. तीन दिवसांत आमच्या चिरंजीवांची अकरा पानं झाली. घरात आनंदीआनंद. मुलीने नागपूरला फोन केला, जावयाने ऑफिसात सांगितलं. मला मात्र घास गोड लागेना. चौतीस वर्षांचा अनुभव असा, की इतक्या झपाट्याने फुगलेली जमा तपासायला घेतली की तिच्याखाली काहीतरी निघतंच.

चौकशी केली. आरोपीने लगेच सगळं सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तो आणि त्याचा एक मित्र वाळूच्या खड्ड्याजवळ जातात. मित्र पडतो. पडत नसेल तर हा त्याला हळूच पाडतो. मग त्याला उठवतो, चड्डीची वाळू झटकतो, आंटी पाहते, पान मिळतं. मग पडायची पाळी ह्याची. आमच्या खात्यात याला संगनमत म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहितात. दोन पानं पाणी सांडून ते पुसल्याची होती. एक पान दुसऱ्याची पेन्सिल शोधून दिल्याचं. ती हरवली कशी, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आंटीला जरा भीतभीतच सांगितलं. आंटी म्हणजे शिक्षिका. इथे आंटीच म्हणतात. ती पंचविशीची पोरगी खळखळून हसली. म्हणाली, "आम्हाला माहीत आहे, दादू. शनिवारी झाड काढतोय."

मला ती पोरगी आवडली.

झाडाची फार थट्टा करू नये. आमच्या काळी चांगुलपणाला पान नव्हतं, वाईटपणाला छडी होती. हिशेब तोच, फक्त रकाना बदलला. आणि 'सॉरी'चं काय? 'सॉरी म्हण' हे वाक्य या देशातल्या प्रत्येक बागेत संध्याकाळी पाच ते सात या वेळात मोठ्या आवाजात ऐकू येतं. म्हणणारी आई, ऐकणारी दुसरी आई. मधे दोन मुलं असतात, आणि त्यांचं लक्ष घसरगुंडीकडे असतं. आमच्या नातवाने यावर तोडगा काढला आहे. तो आधी सॉरी म्हणतो आणि मग मारतो. खर्चाला पूर्वमंजुरी घेणारा एवढा शिस्तीचा माणूस मला सरकारी नोकरीत भेटला नाही.

जर्मनीतल्या लाइपझिगला दोन संशोधकांनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला होता, फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी. वर्ष २००६. एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालतो आहे, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, तो हात लांबवतो पण पोचत नाही. दीड वर्षाची मुलं, ज्यांना अजून नीट बोलताही येत नाही, ती तुरूतुरू जाऊन चिमटा उचलून देतात. कुणी सांगितलेलं नसतं. आणि त्याच माणसाने चिमटा मुद्दाम खाली टाकला, तर बहुतेक मुलं जागची हलत नाहीत. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाला गरज आणि नाटक यांतला फरक कळतो, जो कळायला मला निवृत्तीपर्यंत वेळ लागला. दोन वर्षांनी त्यांनीच पुढचा प्रयोग केला, वीस महिन्यांच्या मुलांवर. मदत केली की काहींना खेळणं बक्षीस दिलं. ज्यांना बक्षीस मिळालं ती मुलं नंतर, बक्षीस बंद झाल्यावर, कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करतच राहिली. मी हे जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. जावई म्हणाला, "मग इन्सेंटिव्ह बंद करायचे का?" त्याच्या कंपनीत नुकतंच काहीतरी चाललं असावं.

मला आठवण झाली ती बोर्डी-कोसबाडची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. येईनात तर काय करायचं? बायांनी बालवाडीच उचलून पोरांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी कागदावर आहे, त्याचं मूळ या उचलण्यात आहे. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारल्यांची पोरं गुरांमागे जात. मग शाळा कुरणावर गेली, कुरणशाळा झाली. पहिला पाठ न्हाऊ घालण्याचा आणि केस विंचरण्याचा. दुसऱ्याची अडचण ओळखून आपण चार पावलं चालायची, हे त्या मुलांनी फळ्यावर वाचलं नाही, बाई डोंगर चढून येताना पाहिल्या. त्यांच्यापैकी कुणाला कधी हिरवं पान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

बंगालीत दयेसाठी एक जवळचा शब्द आहे, 'माया'. मुलगी सांगते, इथे कुणाचे हाल पाहून पोटात तुटलं की म्हणतात, माया झाली. आपल्याकडेही आईची माया असतेच. आमच्या ऑफिसात तो शब्द फक्त 'बरीच माया जमवली आहे' अशा वाक्यात यायचा आणि ऐकणारा लगेच फाइल मागवायचा. पण मला सगळ्यात आवडतो तो शिंप्याचा अर्थ. माझी आई घरी शिवायची. पोराचा सदरा बेतताना शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त ठेवायची. त्याला ती माया म्हणायची. "माया ठेवलीय रे, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल." बाहेरून ती दिसत नसे. सदरा उलटा केला तरच कळायचं.

आता थोडं घराविषयी, आणि हे लिहिताना मला फार अभिमान वाटत नाही.

पहिल्या वर्षी मुलगी सकाळी म्हणाली, "बाबा, माशी आली, दार उघडा." मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून उठलो. दारात पन्नाशीची एक बाई उभी. बंगालीत मावशीला माशी म्हणतात, आणि घरकामाच्या बाईलाही. आमची माशी केष्टोपूरहून, कालव्यावरचा पूल ओलांडून, चालत येते. कामं झाली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून चहा पिते. तिचा कप वेगळा आहे. कान तुटलेला. हे कुणी ठरवलं, विचारू नका. आमच्या नागपूरच्या घरातही असा एक कप आहे आणि तोही कुणी ठरवलेला नाही. काइंडनेस वीकच्या गुरुवारी नातवाने खोट्या चहाची पार्टी केली. मला त्याने तो कप दिला. मी म्हटलं, "अरे, हा तुटका आहे." तो म्हणाला, "हो, धरायला त्रास होतो ना? माशी असा धरते," आणि दोन्ही तळव्यांत कप धरून, फुंकर मारत, कशी पितात ते त्याने मला करून दाखवलं. हुबेहूब. बोटं भाजली की माशी ती कशी बदलते, तेही. इतके दिवस तो पाहत होता. मी रोज त्याच खोलीत पेपर वाचत होतो.

तो कप आता माझ्या दाढीच्या ब्रशला आहे. घरात यावर चर्चा झाली नाही. माशीनेही काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी नव्या कपात साखर जास्त झाल्याचं तिने पहिल्यांदाच सांगितलं.

आणि रविवारी बर्गी आले.

विहीणबाई उत्तर कोलकात्यातल्या, बागबाजारच्या. त्या मला बेयाईमोशाई म्हणतात, मी त्यांना बेयान म्हणतो, आणि बाकीचं संभाषण आम्ही दोघं मिळून एका हिंदीत करतो जी उत्तर प्रदेशात कुणालाही कळणार नाही. रविवारी नातवाला दुपारी झोपवण्याचं खातं त्यांच्याकडे. त्या थोपटत गुणगुणत होत्या, मी शेजारी खुर्चीत. बंगालातल्या पिढ्यान्‌पिढ्यांना झोपवणारं ते गाणं. त्यात बाळ झोपतं, पाडा शांत होतो, बर्गी चालून येतात, पाखरांनी धान फस्त केलेलं असतं आणि सारा भरायचा राहिलेला असतो. माझं बंगाली कच्चं, पण 'बोर्गी' ऐकलं आणि पेपर खाली आला. बर्गी म्हणजे बारगीर. बारगीर म्हणजे मराठे. आणि बंगालात उतरलेले मराठे म्हणजे नागपूरकर रघूजी भोसल्यांचे. महालात भोसल्यांचा वाडा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. बाळाला ज्याची भीती घालायची, तो बुवा मी होतो.

शाळेत ही स्वारी मी दीड ओळीत शिकलो. रघूजींनी बंगालवर स्वाऱ्या करून चौथाई बसवली. एक गुण. ज्यांच्यावर बसवली, त्यांच्याकडे ही गोष्ट एवढी आखूड नाही. १७४२ ते १७५१, जवळजवळ दरसाल घोडी येत राहिली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचं 'महाराष्ट्र पुराण' नावाचं काव्य आहे, त्याच काळातलं. नाव ऐकून मी हरखलो होतो, म्हटलं परमुलखात आपलं पुराण! ते काय आहे हे जावयाने अगदी अदबीने सांगितलं. जाळलेली गावं आहेत त्यात, आणि बोचकी घेऊन पळणारी माणसं. त्या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. मराठे तिथवर आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला, १७९९ मध्ये बराचसा बुजवून त्यावर रस्ता केला. बागबाजारात अजून मराठा डिच लेन आहे.

"आमचं माहेर त्या गल्लीच्या जवळच," बेयान म्हणाल्या. "लहानपणी वाटायचं, तुम्ही लोक रात्री येता."

"आता गीतांजली एक्सप्रेसने येतो," मी म्हटलं. "तेही आरक्षण मिळालं तर."

झोपलेलं बाळ उठून बसलं होतं. "आबा, तुमि बोर्गी?"

मी खुर्ची ओढली. म्हटलं, बघ, दोन प्रकारचे घोडेस्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. त्याने क्षणभर विचार केला आणि टाळी वाजवली. "म्हणजे बाबा बोर्गी!" खरंच की. जावई सेक्टर फाइव्हला कंपनीच्या गाडीने जातो. माझी मुलगी स्वतःच्या स्कूटरवर जाते, ती शिलेदार. या घरात हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"बोर्गी वाईट असतात?"

सरकारी नोकरीत मी कधी खात्याची चूक तोंडी मान्य केली नव्हती. बेयान खिडकीबाहेर पाहत होत्या, मला वाट मोकळी करून देत. "इथे ते वाईट वागले," मी म्हटलं. लगेच बेयान वळल्या. म्हणाल्या, "आमच्या नवाब अलीवर्दीनेही काही कमी केलं नाही. तुमच्या सेनापती भास्करपंताला तहाच्या बोलण्याला बोलावलं आणि तंबूत मारलं." १७४४ ची गोष्ट. मी म्हटलं, "पण आधी गावं आम्ही जाळली." त्या म्हणाल्या, "पण पाहुण्याला मारणं..." दहा मिनिटं आम्ही दोघं असे भांडलो, त्या माझ्या बाजूने आणि मी त्यांच्या. असं भांडण माझ्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

नातवाचं लक्ष दुसरीकडेच अडकलं होतं. "धान पाखरांनी खाल्लं ना?"

"हो."

"मग ते पैसे कुठून देणार?"

"नाही देता येणार."

"मग नको घेऊस."

आमच्या खात्यात थकबाकी माफ करायला सात सह्या लागतात. इथे ती उशीवर बसून, दोन मिनिटांत मागितली जात होती. "बरं, सोडले," मी म्हटलं. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. "ठाकुमाला सांग." मग मी बेयानकडे वळून, शक्य तितक्या गंभीरपणे, १७५१ च्या तहात ठरलेले साल बारा लाख रुपये नागपूरकरांच्या वतीने माफ केले. "व्याजासकट?" त्यांनी विचारलं. "व्याजासकट." त्या चहा टाकायला उठल्या.

"आणि बोर्गीचा घोडा? तो नागपूरहून चालत आला?"

"चालत."

"मग त्याला पाणी कोणी दिलं?"

हे ना बेयानना ठाऊक होतं ना मला. आम्ही दोघांनी त्या घोड्याचा विचारच केला नव्हता.

कोलकात्याच्या बसमध्ये एक हाळी असते. बाई मूल कडेवर घेऊन उतरायला दाराशी आली की कंडक्टर पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला ओरडतो, "आस्ते लेडीज, कोले बाच्चा!" सावकाश, बाई आहेत, कडेवर मूल आहे. एरवी या बसगाड्या पूर्ण थांबतील तर शपथ. माणसांनी धावत्या बसमधून उडी मारायची असते. पण ही हाळी आली की बस पुरती थांबते. ज्या कंडक्टरने सुट्या पैशांवरून तुमचा उद्धार केलेला असतो, तोच ओरडतो. नातू खिडकीशी बसून हे ऐकत असतो. शाळेत ते शिकवत नाहीत.

झाड शनिवारीच उतरवलं होतं. पानं घरी आली. अकरा पानांची त्याने सोमवारी संध्याकाळी तिकिटं केली. बैठकीतल्या पाच खुर्च्या एकामागे एक लावल्या. ड्रायव्हर कापडी हत्ती. प्रवासी तिघं: माशी, कारण पाऊस आल्याने ती निघायची थांबली होती, बेयान, मांडीवर बाहुली, आणि मी. लोखंडी कपाटावर थाप पडली. "कोरुनामोयी, कोरुनामोयी!" बेयान उठल्या. "आस्ते लेडीज, कोले बाच्चा!" बस थांबली. माशी उतरली. मग मी उठायला लागलो. गुडघे माझेही फार चांगले नाहीत. कंडक्टरने माझ्याकडे नीट पाहिलं, दोन थापा मारल्या आणि हत्तीवर ओरडला, "आस्ते, आस्ते! बोर्गी नामबे!"

बस पुरती थांबली. मी उतरलो. भाडं दहा रुपये होतं. मी वीसची नोट दिली. सुटे अजून मिळालेले नाहीत.